चहाची रंगीत तालीम

“तालीम केली की गोष्ट चुकत नाही! चुकूच शकत नाही!”

हे वाक्य तालीमरावांचं. खरं नाव वेगळं होतं, पण ते त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. नाटकाच्या थिएटरात पडद्यामागची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. घंटा कधी द्यायची, दिवा कधी मालवायचा, दुसऱ्या अंकातलं पत्र नटाच्या कुठल्या खिशात ठेवायचं, हे सगळं ते बघत. चांगलं काम होतं, कुणाची तक्रार नव्हती. पंचाईत एवढीच, की घरी आल्यावरही हा माणूस विंगेतून बाहेर पडत नसे. पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी दार उघडण्याची तालीम. नवा सोफा यायचा असला की तो जिन्यावरून कसा वळेल याची तालीम, त्यात सोफ्याच्या जागी शेजारी! अहो, स्वतःच्या लग्नाची तालीम केली होती या गृहस्थांनी. बायको अजून ऐकवते, “तालमीत माझ्या जागी हॉलचा रखवालदार उभा केला होता. आणि यांचा आवाज त्याच्याशी बोलताना जास्त प्रेमळ लागला होता म्हणे!”

तर अशा या तालीमरावांची एकुलती एक मुलगी सोळा वर्षांची होणार होती. घरात तिला छकुली म्हणत. तिने ते नाव दोन वर्षांपूर्वीच रद्द केलं होतं, पण घरच्यांपर्यंत ती बातमी पोचली नव्हती.

“या वाढदिवसाला मी तुला खास दुपारच्या चहाला नेणार!” तालीमरावांनी जेवताना जाहीर केलं. “खरीखुरी चहाची किटली, पातळ कपबश्या, तीन मजली स्टँडवर केक आणि सँडविच! काय?”

लहानपणी ही पोर त्यांना खेळातल्या कपबशीत रिकामा चहा द्यायची. तो त्यांनी फुर्र करून प्यायला नाही तर रडायची. तालमीला जायला उशीर झाला तरी तालीमराव दुसरा कप मागत. ते दिवस त्यांच्या डोक्यात असे पक्के बसले होते, की त्यानंतर मुलगी दहा वर्षांनी मोठी झाली ही किरकोळ बाब त्यांच्याकडून राहूनच गेली.

छकुलीने मोबाइलमधून मान वर केली. “चालेल. पण बाबा, तमाशा करायचा नाही.”

“मी? तमाशा?”

“गेल्या वर्षी तू पिझ्झाच्या दुकानात थिएटरचा स्पॉटलाइट आणला होतास!”

“लहानसा होता गं.”

“बाबा, या वेळी गाणं नाही, मेणबत्ती नाही, टाळ्या नाहीत. नाहीतर मी उठून निघून जाईन. आणि परत कधी तुझ्याबरोबर येणार नाही. कधीच!”

सोळा वर्षांच्या मुलीचं ‘कधीच’ फार तर पुढच्या जेवणापर्यंत टिकतं, हे बायकोला माहीत होतं. तालीमरावांना नव्हतं. हा प्रयोग पडला तर पुढचा प्रयोगच नाही! आणि प्रयोग पडू नये म्हणून माणूस काय करतो? मंडळी, तुम्ही ओळखलंच असेल.

तालमीसाठी छकुलीच्या जागी बसायला कुणीतरी हवं होतं. तालीमरावांनी मेहुण्याला फोन केला.

हा मेहुणा म्हणजे छकुलीचा मामा. छकुलीच्याच शाळेची बस चालवायचा. अंगाने दाराएवढा, मिशा ब्रशासारख्या, आवाज हॉर्नची गरज पडू नये असा. मनाने मात्र लोणी. कुणी काही मागितलं आणि मामा नाही म्हणाला, असं आजवर घडलं नव्हतं.

“भाऊजी, मी छकुली व्हायचं?” मामाने विचारलं.

“फक्त तिच्या जागी बसायचं. तिच्यासारखं बोलायचं. मी बघतो कुठे काय अडतं ते.”

“जमेल की! रोज बसभर छकुल्याच घेऊन फिरतो मी!”

झालं! दोघे निघाले चहाची जागा निवडायला. तालीमरावांची निवडीची पद्धत जगावेगळी होती. चहा कसा आहे हे त्यांनी कुठेच बघितलं नाही. एका मोठ्या हॉटेलात केक असा होता की मामाने डोळे मिटून घेतले. पण स्वयंपाकघराचं दार करकरत होतं. “प्रत्येक एन्ट्रीला आवाज! सगळं लक्ष जाणार. नको!” दुसरीकडे दोन वेटर एकाच दारातून आत-बाहेर करत होते. “एक दिवस इथे टक्कर होणार,” तालीमराव म्हणाले, आणि मामा तिसरं सँडविच उचलत असतानाच झाली! किटली एकीकडे, वेटर दुसरीकडे. तालीमरावांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. तिथून त्यांना जवळजवळ हाकललंच.

शेवटी एक जागा मनासारखी मिळाली. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, लाकडी जिना चढून गेलं की छोटंसं टी-रूम. उंच खिडक्या, पांढरे टेबलक्लॉथ, दारांना तेल घातलेलं. मालकीणबाई स्वतःच चहा आणून देत. केस पांढरे, गळ्यात चष्म्याची दोरी, चेहऱ्यावर सगळ्या जगाची काळजी. आवाज असा हळू, की जणू शेजारच्या टेबलावर बाळ झोपलंय!

“इथेच!” तालीमराव कुजबुजले. “चल, पहिल्यापासून घेऊ. तू रुसलेली आहेस. मी तुला खुर्ची देतो.”

मामाने एकदा खाकरून घेतलं. मग खांदे पाडले, मान वाकडी केली आणि खुर्चीत असा धपकन बसला की कपबश्या किणकिणल्या. मोबाइल काढला. ओठ पुढे काढला. मिशांसकट!

“खिडकीत कशाला बसलो आपण?” मामा म्हणाला. “सगळे बघतात ना, बाबा!”

“अरे, पण खिडकीत उजेड चांगला—”

“शी, बाबा! हळू बोल ना!”

तालीमराव चकित झाले. हुबेहूब! आवाज तेवढा दोन मजले खाली होता.

“बरं. मी आता म्हणतो, ‘बेटा, तुझ्यासाठी खास चहा निवडलाय. वासानेच खूश होशील!’”

मामाने मोबाइलमधून नजर न काढता उत्तर दिलं, “मला चहा आवडतच नाही.”

“ए! असलं काही बोलू नकोस. ती लहानपणापासून चहावेडी आहे. वाक्याला धरून राहा.”

“भाऊजी, ती बसमध्ये सांगत होती—”

“तू भूमिकेत राहा!”

मामा पुन्हा भूमिकेत शिरला आणि पार तळाला जाऊन बसला. त्याने केक पुढे ढकलला. खिडकीबाहेर बघत एक लांब सुस्कारा टाकला आणि भरल्या आवाजात म्हणाला, “आज माझा वाढदिवस आहे, बाबा. तुला नेहमी तुझंच खरं करायचं असतं. मला काय हवंय ते कधी विचारलंस?”

नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई गरम पाणी घेऊन मागे उभ्या होत्या.

आता त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? समोर चाळिशीचा मिशाळ गडी. डोळ्यांत पाणी, कारण मामाला भूमिकेत खरंच रडू यायला लागलं होतं. तो त्याच्याहून जेमतेम आठ-दहा वर्षांनी मोठ्या माणसाला ‘बाबा’ म्हणतोय. आणि तो बाबा काय म्हणतोय?

“छान! आता आणखी जरा रड!”

मालकीणबाईंनी पाणी ठेवलं, मामाकडे एकदा कळवळून बघितलं आणि त्या गेल्या.

“आता शेवट,” तालीमराव म्हणाले. “चहा झाला, तू खूश झालीस. उठताना काय म्हणशील?”

मामाने जरा विचार केला. मग मान तिरकी करून सहज म्हणाला, “बाबा, पुढच्या वर्षी मी मैत्रिणींबरोबर जाईन हं.”

तालीमरावांचा चमचा बशीतच थांबला.

“हे कुठून आणलंस?”

“बसमध्ये सगळ्या हेच म्हणतात. एकदा सोळा झालं की पुढचे वाढदिवस मैत्रिणींबरोबर.”

“काप ते वाक्य!”

“मी कापलं तरी ती कापणार का, भाऊजी?”

नाटकात नको असलेलं वाक्य पेन्सिलीने खोडता येतं. पोरीच्या तोंडातलं कसं खोडायचं, हे तालीमरावांना ठाऊक नव्हतं. निघताना त्यांनी मालकीणबाईंना गाठलं. “पुढच्या शनिवारी याच वेळी, हेच टेबल. घरचे सगळे येऊ. वाढदिवस साजरा करायचाय. पण गाणं नको, मेणबत्ती नको, टाळ्या नकोत. एकदम शांतता!”

मालकीणबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या मामाकडे बघितलं. तो रुमालात नाक शिंकरत होता.

“एक मेणबत्तीसुद्धा नको?” त्यांनी विचारलं.

“काडीसुद्धा पेटवायची नाही!”

“समजलं,” मालकीणबाई म्हणाल्या. “सगळं समजलं मला.”

तालीमराव समाधानाने जिना उतरले. अशी समजूतदार बाई सापडायला नशीब लागतं, असं ते मामाला दोनदा म्हणाले.

शनिवार उजाडला. तालीमराव, बायको, छकुली आणि मामा, अशी वरात जिना चढून वर गेली. दारातच मालकीणबाई हसतमुखाने उभ्या. आधी मामाचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. “ये रे बाळा, ये!” मग तालीमरावांकडे त्यांनी असं बघितलं, की त्यांना वाटलं आपल्या बुटाला काहीतरी लागलंय. त्यांनी बुटांचे तळ तपासले. काही नव्हतं.

मालकीणबाई बायकोकडे वळल्या. “तुमच्याकडे बघून वाटत नाही हो, इतका मोठा मुलगा असेल!”

“कोण मुलगा?”

“कळतं मला सगळं. बाईला किती बाजू सांभाळाव्या लागतात!” असं म्हणत त्यांनी बायकोचा दंड थोपटला आणि आत गेल्या.

बायको नवऱ्याकडे वळली. “अहो, कोण मुलगा? काय सांगून ठेवलंयत तुम्ही यांना?”

“मी काहीच नाही! फक्त टेबल सांगितलं!”

“बघा हं! तुमच्या ‘फक्त’ला मी फार घाबरते.”

सगळे बसले. छकुली धपकन बसली. कपबश्या किणकिणल्या. तिने मोबाइल काढला. “खिडकीत कशाला बसलो आपण? सगळे बघतात ना, बाबा!”

तालीमरावांनी चमकून मामाकडे बघितलं. मामा छताकडे बघत होता.

“अगं, पण उजेड—”

“शी, बाबा! हळू बोल ना!”

तालीमरावांच्या कपाळावर घाम आला. मामाचे ओठ हलत होते! तो पुढचं वाक्य मनातल्या मनात म्हणत होता, विंगेतल्या प्रॉम्प्टरसारखा. तालीमरावांनी घाईघाईने आपलं वाक्य टाकलं. “बेटा, तुझ्यासाठी खास चहा निवडलाय. वासानेच—”

“बाबा, मला चहा आवडतच नाही. किती वर्षं झाली! वासानेच मळमळतं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दहा दिवस शहरभर चहाची टेबलं धुंडाळली, आणि जिच्यासाठी धुंडाळली ती चहा पीतच नाही!

“मग हो कशाला म्हणालीस?” तालीमराव रडवेल्या आवाजात म्हणाले.

छकुलीने खांदे उडवले. “तू एवढा खूश होतास ना!”

तालीमरावांना एकदम भरून आलं. पण त्याच वेळी एक भयंकर विचार त्यांच्या डोक्यात घुसला. मामाने तालमीत म्हटलेलं एकेक वाक्य खरं ठरतंय. म्हणजे आता ते शेवटचं वाक्यही येणार! ‘बाबा, पुढच्या वर्षी...’ ती वेळच येऊ द्यायची नाही. चहा संपूच द्यायचा नाही. कुणी उठूच शकलं नाही, तर—

आणि दिवे गेले.

खिडक्यांचे पडदे सरसर ओढले गेले. तालीमराव ताडकन उभे राहिले. “ब्लॅकआउट? कुणी सांगितला ब्लॅकआउट?”

स्वयंपाकघराचं दार उघडलं. आवाज न करता, त्याला तेल घातलं होतं ना! मालकीणबाई पुढे, मागे आचारी, त्याच्या मागे खालच्या दुकानातले चष्मेवाले. हातात भला थोरला केक, आणि त्यावर मेणबत्त्या! एक, दोन नाही, अख्खं जंगल पेटलं होतं! टेबलाटेबलांवरचे लोक उभे राहून वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागले. सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. टाळ्यांचा कडकडाट!

“नाही! थांबा! पडदा! पडदा टाका!” तालीमराव ओरडत होते. पोर आता उठणार, जिना उतरणार, आणि परत कधीच! त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

गाणं संपलं. खुर्ची सरकल्याचा आवाज काही आला नाही. त्यांनी एक डोळा उघडला.

केक मामासमोर होता. मामाच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट होता. मालकीणबाई मामाच्या पाठीवरून हात फिरवत छकुलीला म्हणत होत्या, “तू धाकटी बहीण ना? भावासाठी टाळ्या वाजव बघू! बिचाऱ्याचं आजवर कुणी काही केलं नाही!”

छकुलीने मामाकडे बघितलं. मामाने छकुलीकडे बघितलं. मुकुट एका कानावर आला होता. आणि मंडळी, ती पोरगी जी हसायला लागली! आधी फिस्स झालं, मग नाकातून आवाज आला, मग तिने टेबलावर डोकंच ठेवलं. मध्येच वर बघायची, मुकुट दिसायचा, की पुन्हा सुरू! जरा दम मिळाल्यावर तिने उभं राहून सगळ्यांना पुन्हा गाणं म्हणायला लावलं. सगळ्यांत मोठा आवाज तिचा! सगळे बघत होते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

“अरे, तू बोलत का नाहीस?” मालकीणबाई बश्या आणायला आत गेल्याबरोबर बायकोने भावाला कोपरखळी मारली. “सांग ना, तुझा वाढदिवस नाही म्हणून!”

मामा खाली बघत म्हणाला, “एवढ्या प्रेमाने केलंय त्यांनी. नाही कसं म्हणू? आणि तसा माझा गेल्या महिन्यात होऊनच गेला, ताई. कुणाच्या लक्षात नव्हता.”

बायकोने तोंडावर हात ठेवला. तालीमरावांनी उगाचच चहा ढवळला, त्यात अजून साखर घातली नव्हती तरी.

छकुलीने सुरी उचलली, मामाच्या हातात दिली आणि वर आपला हात ठेवला. “काप, मामा. पहिला तुकडा तुझा. मोठा काप!”

मग काय, मेजवानीच झाली. मामाने स्टँडचे तिन्ही मजले एकट्याने रिकामे केले. छकुलीसाठी गरम चॉकलेट आलं. तिने स्वतःहून फोटो काढले, त्यातल्या एकात तालीमरावांना ओढून घेतलं. बायकोसुद्धा हसत होती. आनंदात नव्हते ते एकटे तालीमराव. एकतर त्यांना काय झालं ते नीटसं कळलंच नव्हतं. प्रयोग पडला म्हणायचा की चालला? आणि दुसरं, कप रिकामे होत आले होते. कपातला शेवटचा घोट त्यांनी तसाच ठेवला. तो आहे तोवर चहा संपला असं कुणी म्हणू शकणार नव्हतं.

पण छकुलीने पर्स उचलली. उठली. मान तिरकी केली.

“बाबा,” ती म्हणाली, “पुढच्या वर्षी...”

तालीमरावांनी टेबलाची कड धरली. मामाने तर मुकुट डोळ्यांवरच ओढला.

“पुढच्या वर्षीपण इथेच येऊ या. पण माझा वाढदिवस नको हं. मामाचाच करायचा! मी गाणं म्हणेन. प्रॉमिस?”

तालीमरावांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी पुढचं वाक्य मिळेल या आशेने मामाकडे बघितलं.

“माझ्याकडे बघू नका, भाऊजी,” मामा मुकुटाखालून पुटपुटला. “हे मला येत नव्हतं!”

“प्रॉमिस, बाबा?”

“प्रॉमिस, बेटा,” तालीमराव म्हणाले, आणि ते तालमीशिवाय म्हणाले, म्हणून आवाज जरा फाटला.

बायको, मुलगी आणि मुकुट घातलेला मामा हसत जिना उतरू लागले. तालीमरावांची छाती आता अशी फुगली होती की कोटाची बटणं लागेनात. शेवटी निवड कुणाची होती? जागा कुणी शोधली? तालीम कुणी केली? हेच सगळं मालकीणबाईंना सांगावं, आभार मानावेत, म्हणून ते ऐटीत मागे वळले. “बाई, आजच्या चहाला तोड नाही! म्हटलं ना, तालीम केली की—”

मालकीणबाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आणि नेहमीच्या हळू आवाजात, पण सगळ्या टेबलांवर स्वच्छ ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या,

“सावत्र असला म्हणून काय झालं? पोटच्यासारखं वागवा त्याला!”

टेबलाटेबलावरून माना हलल्या. एका आजोबांनी तर चक्क “लाज वाटली पाहिजे!” म्हटलं.

तालीमरावांनी तोंड उघडलं. मग विचार केला, की हे सगळं समजावून सांगायचं तर मेहुण्याला परत वर बोलवावं लागेल, खुर्चीत बसवावं लागेल आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागेल. त्यांनी तोंड मिटलं.

“हो,” ते मान खाली घालून म्हणाले. “चुकलंच माझं.”